फोनवरची अटक

अरे, आमच्या अहमदपूरच्या आत्याला परवा फोनवर अटक झाली! व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस दरडावत होता, “तुमच्यावर गुन्हा आहे. सुटायचं तर पैसे पाठवा. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.” त्यानं वॉरंटही दाखवलं.

पण आत्या कोर्टातून रिटायर झालेली टायपिस्ट. म्हणाली, “सारी नोकरी वॉरंटं टाइप करण्यात गेली माझी. फोनवर अटक कुठल्या कायद्यात हाय, ते सांग.”

“बाहेर पडलात तर लई महागात पडेल!”

आत्यानं चपला घातल्या आन् फोन घेऊन थेट रस्त्यावर आली. “हे बघ, पडले बाहेर. पोलीस ठाण्यातच चालले. हिंमत असंल तर तिथं ये!”

फोन त्यानंच कापला. आत्या मात्र तक्रार लिहून देऊनच परतली.