ढोलकीच्या माइकची खरखर

“लासूर, लासूर!” कंडक्टरची हाक. गीताबाईंच्या हातात अर्धं सोललेलं केळं. शेजारच्या पोराच्या हातात सायकलच्या ट्यूबची पट्टी. खर्रर्र!

बसस्टँडच्या बाकावर त्या दचकल्या. शेजारी भाऊ-बहीण बसलेले. भावाच्या मांडीवर ढोलकी, पायाशी बॅटरीवरचा स्पीकर.

“दादा, परत तो आवाज आला! संध्याकाळी भीमगीतात असं खरखरलं तर लोक उठून जातील.”

“थांब मोने. माइकची क्लिप ढिल्ली हाय. ढोलकीला हात घासला की खरखरतं. मधी ट्यूब घालतो.”

“घाल लवकर, गाडी लागंल.”

“घातली. हे बघ, घासतो. हाय आवाज?”

“नाय! एकदम साफ!”

“जमलं का नाय? आता गा. दुसरं कडवं घे.”

मोनालीनं सूर लावला. खर्रर्र!

“आता काय झालं याला?”

“दादा, बोट काढ.”

“कुठंय बोट?”

“क्लिपवर. नुसता वाजवतो तवा नीट असतो. मी गायला लागले की क्लिप चाचपतो.”

“पडंल म्हणून बघतो.”

“ती पडत नाय अन् मी चुकत नाय. दोन्ही हात ढोलकीवर ठेव.”

“नक्की?”

“व्हय! वाजव!”

ढोलकी कडाडली. कडवं पुरं झालं, खरखर आली नाही. गीताबाई मांडीवर ठेका धरून बसल्या.

“और बजाव भाई!” रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“आला का आवाज, दादा?”

“लई भारी आला, मोने! तुझाच आला!”

मागच्या जयंतीला मोनाली याच कडव्यात शब्द विसरली होती आणि रडत स्टेजवरून उतरली होती.