गल्लीतल्या शेवटच्या घरचा नळ

(जबलपूरच्या पाणी खात्यात नमुने तपासणाऱ्या सुनंदाबाईंनी सांगितलं. त्या जशा बोलल्या तसं उतरवलं आहे.)

मी जन्मानं रांझीची. वडील कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथ मशीनवर होते, आजोबा नागपूरकडून आले म्हणतात, पण तिकडे आता आमचं कोणी उरलं नाही, तर आम्ही इथलेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की हिंदी. लग्न होऊन चेरीतालला आली तर सासूबाई पण तशाच, भांडण सुरू करत मराठीत आणि संपवत हिंदीत. माझा मुलगा सगळं समजतो, बोलत नाही. मी म्हणते जेवून घे, तो म्हणतो हाँ मम्मी, आया. ते जाऊ द्या, तुम्ही पाण्याचं विचारलं ना, पाण्याचंच सांगते, पण मी सरळ रस्त्यानं जाणारी बाई नाही, आधीच सांगून ठेवते.

आमचे हे पाणी खात्यात पंपावर होते. ड्युटीवरून आले, चप्पल काढली, बसले ते बसलेच, उठले नाहीत. मग त्यांच्या जागी मला अनुकंपेत घेतलं. बारावी सायन्स होती म्हणून तपासणीत लावलं. तिथं वर्माजी म्हणून जुने बाबू होते, त्यांनी पहिल्या दिवशी तपासणीचा डबा हातात दिला आणि म्हणाले बेटा, इतना समझ लो बस. टाकीत पाण्यात क्लोरीन घालतात, ते नळापर्यंत थोडं तरी उरलं पाहिजे. उरलं तर समजायचं पाणी ठीक आहे. वाटेत कुठं घाण शिरली तर क्लोरीन तिला मारता मारता स्वतःच संपून जातं. एवढंच शास्त्र. तेव्हा थेंब टाकायचे, पाणी पिवळं व्हायचं, आता गोळी टाकतो, गुलाबी होते. रंग पाहून आकडा लिहायचा, कमीत कमी शून्य दशांश दोन. आमच्यात तर नुसतं दो म्हणत. दो आया? दो आया. चलो, लिखो.

आणि वर्माजींनी दुसरी पण गोष्ट शिकवली, ती कोणत्या पुस्तकात नाही. प्रत्येक वस्तीत आमचं एक घर ठरलेलं होतं. टाकीपासून पहिलं, रस्त्याला लागून, घरची माणसं बोलायला गोड. तिथं नमुना घ्यायचा, तिथंच बसायचं, तिथं चहा व्हायचा. खात्यात त्याला चायवाला नल म्हणत, आणि हे काही लपूनछपून नव्हतं, साहेब पण विचारत, क्यों मैडम, चायवाले नल का हो गया? आता तुम्ही म्हणाल, यात काय वाईट? मला पण नाही वाटलं. एवढी वर्षं नाही वाटलं, खोटं काहून बोलू? पाणी गुलाबी यायचं, मी दो लिहायची, आलं घातलेला चहा प्यायची, आणि पूर्ण वस्तीचं पाणी चांगलं म्हणून सही करून यायची.

मग नवीन नियम आला. नियम तर येतच राहतात, येतात आणि फायलीत जाऊन झोपतात, पण हा वेगळा होता. नमुना आता लाइनच्या शेवटच्या घरातून घ्यायचा. त्याच नळाचा फोटो मोबाइलवर टाकायचा. आकडा त्याच दिवशी वस्तीत फळ्यावर लिहायचा, लोकांना दिसेल असा. आणि शून्य आलं तर पुरवठा तिथल्या तिथं बंद करायचा, मग वर कळवायचं. साहेबांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवला, कागद उलटा ठेवला, आणि म्हणाले, देखिए, करना तो है, पर धीरे-धीरे करेंगे.

पहिल्या दिवशी मी एका वस्तीत गेली. नाव नका लिहू, तिथल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत, उगीच पाण्याचं बालंट नको. पाणी येतं सकाळी सहाला, तासभर. आणि बघा सवय कशी असते, पाय आपोआप चायवाल्या नळावरच गेले. तिथं गोळी टाकली, मस्त गुलाबी. काकी म्हणाली बैठो, मी म्हटलं आज नाही काकी, आज शेवटच्या घरी जायचं आहे. ती हसली, म्हणे वहाँ? वहाँ तो तुम लोग कभी गए ही नहीं.

शेवटचं घर नाल्याच्या काठावर. सरोज नाव त्या बाईचं, शिवणकाम करते, नवरा ट्रकवर असतो, नऊ-दहा वर्षांची एक पोरगी. नळ दाराबाहेर, ओट्याच्या खाली. पाणी कसं, काचेसारखं. मी शिशी भरली, गोळी टाकली, हलवली. पाहून राहिली, पाहून राहिली, काही नाही. जशीच्या तशी पांढरी. म्हटलं हात ओला होता, गोळी ओली झाली असेल. दुसरी टाकली, नाही. तिसरी टाकली, तरी नाही, आणि याच डब्यातली गोळी दहा मिनिटांआधी चायवाल्या नळावर गुलाबी झाली होती. म्हणजे गोळी खरी होती. मधल्या लाइनीत काहीतरी शिरून राहिलं होतं, आणि गल्ली तेच भरून राहिली होती, कळशीवर कळशी, गुंडीवर गुंडी.

मी साहेबांना फोन लावला. म्हटलं सर, शेवटच्या घरी शून्य आहे. ते म्हणाले गोली पुरानी होगी. म्हटलं नाही सर, पहिल्या घरी गुलाबी आली. मग म्हणाले, मैडम, आज दो लिख दीजिए, कल लाइन दिखवा लेते हैं, पहले ही दिन ज़ीरो जाएगा तो ऊपर क्या जवाब देंगे? मी म्हटलं सर, नियमात लिहिलं आहे बंद करायचं. ते म्हणाले मैं भी पढ़ा-लिखा हूँ, आणि फोन ठेवला.

काय सांगू तुम्हाला, पेन हातात होतं, रजिस्टर उघडं होतं. दो लिहायला किती वेळ लागतो? एवढी वर्षं हात तेच लिहीत होता, डोळे मिटून लिहिलं असतं. आणि समोर त्या बाया, एक कळशी उचलली की दुसरी खाली, कोणाला माहीत नाही.

वॉल्व्ह गल्लीच्या तोंडाशी आहे, चाबी रामदीन भैयाकडे. मी पळत गेली, या वयात पळत गेली हो, साडीचा काठ चिखलात. म्हटलं भैया, बंद करा. ते म्हणाले साहब का फोन आया? म्हटलं नियम आला आहे. ते म्हणाले दीदी, लिखा तो बहुत कुछ रहता है, मेरी तो तीन साल की नौकरी बची है. त्यांचं पण चूक नव्हतं. मग मी तिथंच रजिस्टर गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं, शून्य. खाली लिहिलं, मैंने बंद करवाया, आणि सही केली, पूर्ण नावानं. रामदीन भैयांनी ती सही दोनदा पाहिली. मग चाबी लावली.

पण वॉल्व्ह बंद केला तरी नळीतलं पाणी येतच राहतं ना. मी परत पळाली, ओरडत, मत भरो, मत भरो, पानी खराब है. कोण ऐकतं? पाणी स्वच्छ दिसून राहिलं, एक बाई म्हणाली काय दीदी, चश्मा लगाओ. आणि सरोजची पोरगी, शाळेचा ड्रेस घातलेला, गुंडीतून लोटा भरून तोंडाला लावून राहिली होती. मला काही सुचलं नाही. मी लोटा हातानं उडवला आणि पायानं गुंडी पाडली.

तुम्ही नळाच्या पाण्यासाठी रांगेत उभे राहिले की नाही, मला माहीत नाही. जिथं तासभर पाणी येतं तिथं कोणाची भरलेली गुंडी पाडणं, याहून मोठं पाप नाही. पोरगी रडायला लागली. सगळ्या बाया माझ्याभोवती. एकीनं माझा डबा हिसकला, एक म्हणे पागल है क्या, एक म्हणे इसको पकड़ो, फोटो खींचो. मला धक्के बसून राहिले होते, आणि मी नुसती ती पांढरी शिशी वर धरून उभी, जशी काही त्यांना ती वाचता येते. सरोज मात्र ओरडली नाही. तिनं पोरीला मागे घेतलं आणि मला विचारलं, पानी में क्या है? मी म्हटलं माहीत नाही, पर जो होना चाहिए वो नहीं है.

मग तीन दिवस पाणी बंद, टँकर आला तो पण उशिरा, गल्लीनं मला जे नाही ते म्हटलं, माझ्या मेलेल्या नवऱ्यापर्यंत गेले. खात्यातून कागद आला, बिना आदेश सप्लाई क्यों रोकी, उत्तर द्या. मी घरी कोणाला सांगितलं नाही. पोळ्या करताना रडायची, मुलाला म्हणायची कांद्यानं. तो हिंदीत म्हणाला मम्मी, रोटी में प्याज कब से? तिसऱ्या दिवशी खोदलं तर नाल्याच्या आतून नळी गेलेली आणि तिचा जोड सडलेला, नाला त्यातून आत. त्याच नळाची दुसरी शिशी मी मोठ्या तपासणीला पाठवली होती, तिचा रिपोर्ट पण आला, खराब. खात्याच्या त्या कागदाचं उत्तर मग कोणी मागितलं नाही. साहेब म्हणाले, चलिए मैडम, अच्छा हुआ. मी पण म्हटलं, जी सर.

इथं संपलं असतं तर मी छाती फुगवून सांगितलं असतं तुम्हाला. पण नळी बदलली, पाणी सुरू झालं, मी नमुना घ्यायला गेली तर सरोजनं विचारलं, दीदी, पिछली बरसात में मेरी बच्ची को पीलिया हुआ था, बीस दिन भर्ती रही, बचेगी कि नहीं पता नहीं था, पूरा साल गया स्कूल का. जिस दिन भर्ती किया उस दिन आपके रजिस्टर में हमारा पानी कैसा था? आणि पोरीच्या त्या काविळीची तारीख सांगितली. आईला तारीख पाठच असते.

मी म्हटलं पाहून सांगते. ऑफिसात जुनं रजिस्टर काढलं. साहेबांनी पाहिलं, त्यांना समजलं, म्हणाले मैडम, पुराना है, कह दीजिए नहीं मिला. आणि मी सांगू का, मला पण तेच पाहिजे होतं. रात गेली, दिवस गेला, मी दुसऱ्या वस्तीच्या ड्युट्या मागून घेतल्या. रजिस्टर तर मिळालं होतं. त्या तारखेला होतं दो. अक्षर माझं, सही माझी. आणि कोपऱ्यात चहाचा डाग, गोल.

चौथ्या दिवशी गेली. ओट्यावर बसली, तिनं मशीन थांबवली. म्हटलं सरोज, दो लिखा है. ती म्हणाली मतलब अच्छा था? म्हटलं नाही. मतलब मैं आई नहीं थी. पहले घर से लिखा था. तुम्हारे नल तक मैं कभी आई ही नहीं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता मारेल, वाटलं मारावं. ती म्हणाली, अच्छा. एवढंच. आणि मशीन सुरू केली.

हे झालं. आता मी रोज नाही, पण पाळीनं त्या गल्लीत जाते, शेवटच्या घरी. सरोज दार उघडते, या म्हणत नाही, चहा विचारत नाही, आणि मी पण कोणत्या तोंडानं पिऊ? मी गोळी टाकते. ती माझ्या हातातून शिशी घेते, स्वतः हलवते, उजेडाकडे धरून पाहते, फार वेळ पाहते, आणि मग गल्लीकडे तोंड करून ओरडते, भर लो. तेव्हा बाया कळश्या लावतात. फळ्यावर मी लिहिते, सही माझी असते, पण माझ्या लिहिण्यावर त्या गल्लीत कोणी थेंबभर पाणी भरत नाही.

रामदीन भैया म्हणतात, बुरा नहीं लगता दीदी? लागतं ना, काहून नाही लागणार? पण बरोबर आहे तिचं. माझी नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत, मग कोणी दुसरी येईल, चांगली येईल की चहावाली येईल, कोणाला माहीत? नियम तर राहीलच, कागदच तो. मी देवाजवळ बसते तेव्हा मुलासाठी मागते, आणि मग त्या बाईसाठी मागते की बाप्पा, तिचे डोळे शाबूत ठेव, आणि तिला कधी माझा भरोसा वाटू देऊ नको.