फायबरचा गणपती

बोहाड्याचा विषय काढलाच आहे, तर सरपंचांच्या मेव्हण्याचं ऐका. ठाण्याला फायबरच्या कारखान्यात होता तो. देव-राक्षसांची सोंगं नाचायला चार दिवस उरले असताना गावी आला नि म्हणाला, "कागदाचे मुखवटे किती वर्षं नाचवणार? फायबरचा गणपती करून देतो. तडा जाणार नाही."

गणपतीचं सोंग नाचवायचा मान आमच्या घरचा. आमच्या मालकांचा जीव टांगणीला लागला.

पहिला मुखवटा साच्यातून निघाला, तर गालभर फोड. मेव्हणा म्हणाला, "आत हवा अडकली." सरपंच म्हणाले, "फेकू नका, राक्षसाला चालेल."

दुसरा तर वाळेचना. बोट लावलं की चिकटायचं. "काकू, हवेत ओल आहे ना."

मी म्हटलं, "बाबा, वैशाखात आमच्या विहिरीत ओल नाही, तुला हवेत सापडली?"

सरपंच म्हणाले, "असू दे, हाही राक्षस."

"राक्षसच जन्माला येताहेत," मालक म्हणाले, "गणपती कधी?"

शेवटी मी माळ्यावरनं जुना कागदाचाच मुखवटा काढला, मोडक्या सोंडेला लगदा लावला, नि मालक झोकात नाचले. मागनं राक्षस आले. मेव्हण्याची लाज राखायला तो चिकट मुखवटा सरपंचांनी स्वतः घातला होता. नाच संपला, तरी तोंडावरनं निघेना. तेल लावलं, दोघांनी ओढलं. सरपंच आतून बोंबलताहेत.

मालक जवळ गेले नि हळूच म्हणाले, "राहू द्या, सरपंच. गावाला सवय आहे."