डॉक्टरांचे पाच चिंचोके

सन्माननीय अध्यक्ष धम्मपाल सर, मंचावर हारांआड दिसेनाशी झालेली पाहुणे मंडळी, आणि जेवणाच्या वासाकडं नाक करून बसलेल्या मायबापांनो, लासूर स्टेशनच्या बानाबाईचा रामराम घ्यावा. मला अक्षर येत नाय. नातीनं, प्रांजलीनं, हे लिहून घेतलं आणि माझ्याकडनं घोकून घेतलं. जमलं तर माझं, चुकलं तर तिचं.

आज डॉक्टर बिभीषण निवृत्त होतायत. यांना पेशंट कुठून ओळखणार? काचेवर मांसाचा तुकडा येतो, हे दुर्बिणीतून बघतात आणि दुखणं परतंल का, ते कागदावर लिहितात. तोंड न बघता भविष्य! आमचा जोशी निदान चहा तरी पितो.

पाच वर्षांखाली माझ्या आतड्यातली गाठ काढली. परत होईल का, विचारलं. जो तो म्हणे, रिपोर्ट येऊ द्या. म्हटलं, लिहिणाऱ्यालाच गाठते. गेले थेट डॉक्टरांच्या खोलीत.

"आजी, इथं पेशंट येत नाहीत."

"अर्धी मी तर आधीच इथं आलेय. माझी गाठ दाखवा."

पडद्यावर दाखवली. काय सांगू! गुलाबी माळ, त्यावर जांभळी मेंढरं, दुपारची एकमेकांना टेकून पेंगलेली. वारा नाय, कुत्रं नाय. माझ्याच पोटातला माळ, आणि मी ढगासारखी वरून बघतेय. तिथून हलावंच वाटंना.

डॉक्टर म्हणाले, "एकाच्या दोन होणाऱ्या पेशी मोजायच्या. ठरलेल्या जागेत पाचाच्या वर गेल्या, तर गाठ परतायची भीती जास्त." अन् बोट ठेवून मोजायला लागले.

मी हातच धरला. "बोट दाखवू नका! कळप घटतो!"

"घटू द्या की, आजी!"

जन्म मेंढरांमागं गेला, त्याची सवय, दुसरं काय? गाठीची राखण करत बसले होते मी! लई हसलो दोघं. मग डॉक्टर गंभीर झाले. "पण मला खरा आकडा पाहिजे. तुमच्या रीतीनं मोजू."

मेंढरं मोजायला मी चंचीत ठेवते ते चिंचोके घेतले. पेशी दिसली की एक चिंचोका वाटीत. पाच झाले. सहावा हातात तसाच राहिला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पाचच.

"काठावर आहात, पण अलीकडच्या. हा अंदाज आहे, वचन नाही. पाच वर्षं तपासत राहा."

दर वर्षी तपासणी नीट निघाली की मी त्या पाचातला एक चिंचोका बांधावर टोचला. चार उगवलेत. परवा पाचवी तपासणी झाली. गाठ नाय.

तुम्ही सगळ्यांनी म्हातारीचं ऐकलं, उपकार झाले. चुकलंमाकलं पोटात घाला. डॉक्टर, हात पुढं करा. हा पाचवा तुमचा, अंगणात टोचा. आणि पुढची वर्षं बोट दाखवून मोजू नका बरं. कळप घटतो.