भागीच्या पोटातली मासळी

बोरिवलीतल्या एका खासगी प्राणीबागेच्या मालकाने मला बदनाम केलं. त्याची मगर त्याच्या हट्टाने मेली आणि दोष लावला माझ्या मासळीला. हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगते.

मी पार्वती, गोराईची. आई डोक्यावर पाटी घेऊन फिरायची, ती गेली तेव्हा मी सोळाची, शाळा सुटली आणि पाटी आली. बोरिवलीच्या बाजारात ओटा मिळवला तोही भांडून, माझं तोंड सगळा बाजार ओळखतो. त्या बागेतल्या मगरीला बारा वर्षं बोय आणि बांगडे मीच द्यायचे. भागी तिचं नाव, आडवी पडली की माझ्या ओट्यापेक्षा लांब.

तिला सांभाळायचा गंगाराम, मालवणकडचा म्हातारा. थंडी पडली की हा मासळी निम्मी करायचा, कधी पंधरा-पंधरा दिवस बंदच. मी भडकायचे. म्हटलं, जनावराला उपाशी मारतोस, का दुसरीकडून घेतोस रे? तो हसायचा. म्हणाला, पारूबाय, तू जेवून आडवी होतेस ती आरामाला, ही जेवून आडवी होते तेव्हा हिचं काम सुरू होतं. दिसते पडलेली, पण आतून धावल्यासारखी दमते, सगळं अंग त्या घासाला लागतं, आणि त्याला ऊब लागते उन्हाची. ऊन नसेल तर घास आतच कुजतो. उपाशी ती महिनोन् महिने राहील, थंडीत भरलेलं पोट मात्र तिला घेऊन जाईल. काय सांगू तुम्हाला, जन्म मासळी विकण्यात गेला, पण खाल्लेलं पचवणं एवढं भारी असतं हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवलं.

मागच्या थंडीत गंगाराम गावी गेला आणि मालकाकडे पाहुणे आले. तीन दिवस ढग, गार वारा. सकाळीच फोन, भरलेली पाटी आण, पाहुण्यांना मगर खाताना बघायचीय. मी गेले, तर भागी दगडासारखी पडलेली. म्हटलं, साहेब, आज नको, गंगारामने आज एक बांगडासुद्धा दिला नसता. मालक म्हणतो, तू मासेवाली की डॉक्टर? पाटी ठेव आणि नीघ.

इथे माझंही चुकलं, लपवत नाही. ती बोहनी होती, आणि बोहनीची पाटी परत न्यायची नसते, आईने कधी नेली नाही, मीही नाही. चार शब्द सुनावले आणि पाटी ओतली. मग फाटकाशी उभी राहून बघितलं. भागीने दोनदा तोंड फिरवलं, तेव्हा मालकाने बांबूला मासा बांधून तिच्या नाकाशी नाचवला, नाचवत राहिला, शेवटी तिने घेतला, मग एकामागून एक घेत गेली. आणि तेवढ्यावर भागलं नाही, फोटोसाठी त्याने तिला गार पाण्यात ढकलली.

पाचव्या दिवशी तिने ओकलं, बांगडे जवळजवळ अख्खे. अकराव्या दिवशी गेली. गंगाराम परत आला तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. आणि फाटकावर फळा लागला, खराब मासळीने मगरीचा मृत्यू.

त्याच खेपेतले बांगडे त्या दुपारी माझ्या घरी शिजले, माझ्या नातीने खाल्ले. पण बाजारात आता विचारतात, काय गं पारू, मगरीला पचले नाहीत ते आम्हाला पचतील? हसत विचारतात, आणि पुढच्या ओट्यावर जातात.

पाटी मी ओतली, त्याचं उत्तर मी गंगारामला देईन, पाया पडून देईन. पण तो बांबू कोणाच्या हातात होता? मालकाने माझ्या ओट्यासमोर यावं, भर बाजारात, सगळ्या बायकांदेखत, आणि याचं उत्तर द्यावं.