आवाज न करणारी फेरारी

पंचवटीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात भाग्यश्री सासूबाईंचा नंबर लागायची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर जीवन आणि मुस्तकीम हे साठीचे दोन गॅरेजवाले मित्र तासभर वाद घालत होते. ऐकून ऐकून तिचं डोकं उठलं होतं.

“जीवन, फोनवर ही नवी फेरारी बघ. हायब्रिड आहे.”

“हायब्रिड म्हणजे अर्धा मिक्सर. इंजिनाला बारा सिलेंडर पाहिजेत.”

“अरे बाबा, सहा सिलेंडर आणि विजेची मोटर मिळून बाराचं काम करतात. किती वेळा सांगू तुला?”

“आणि नुसत्या बॅटरीवर चालते तेव्हा?”

“तेव्हा गपचूप चालते. तेच तर भारी आहे!”

“काय डोंबल भारी? गाडीचा आवाज यायला पाहिजे.”

“आवाजाचं काय घेऊन बसलास? रंग बघ.”

“बघितला. लाल आहे.”

“जीवन, पिवळी आहे ही.”

“फोनचा उजेड डोळ्यावर येतोय.”

“गेल्या आठवड्यातही हेच म्हणालास. आज डॉक्टरांना खरं सांगशील ना?”

“विषय बदलू नकोस. आवाज न करता गाडी अंगावर आली, तर मला कळणार कसं?”

मुस्तकीमने फोन खिशात ठेवला. भाग्यश्रीने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं.

“तेवीस नंबर!” नर्सने हाक मारली.

“चल जीवन, तुझा नंबर. मीपण आत येतो.”

“तू कशाला?”

“एकटा गेलास तर डॉक्टरांपुढेही इंजिनाचंच सांगत बसशील. ऊठ, हात दे.”