पायडलचा अर्थ

शिलाई मशीनचं लोखंडी पायडल टाचेखाली बोटभर जागेत झिजून गुळगुळीत झालं होतं. दुरुस्तीच्या दुकानात नंबरची वाट पाहणाऱ्या एका बाईंनी ते टिपलं, तेवढ्यात मशीनचे मालक, शाळेतले म्हातारे मास्तर आणि त्यांची बायको, यांची जुंपली.

"अगं, पेडल हा शब्दच लॅटिनमधल्या पायावरून आलाय. आपल्या 'पद'चा चुलतभाऊ! मोटर बसवली की अर्थच गेला."

"आणि दोन वर्षं माझा गुडघा दुखतोय, तो कुठल्या भाषेत?"

"तसं नव्हे गं..."

"मास्तर, मोटरलाही पेडल असतंच," मिस्त्री म्हणाला. "नुसता पाय टेकवायचा."

"ऐकलंत? नाहीतर उद्यापासून तुम्हीच बसा. उशांचे बारा अभ्रे शिवायचेत. मारा पायडल, अर्थासकट!"

मास्तरांनी घसा खाकरला.

"मिस्त्री, मोटर बसवा."